गिनीपिगचं पोट फुगलं तर श्वासही मोजा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पावसाळा लागला की दुकानात हमखास विचारणा होते, "गॅसवर काही ड्रॉप्स आहेत का?" आम्ही गवत, खाऊ आणि पिंजरे विकतो, आम्ही डॉक्टर नाही. म्हणून बाटली पुढे करण्याआधी आम्ही दोन गोष्टी विचारतो: शेवटच्या लेंड्या कधी टाकल्या आणि श्वास कसा चाललाय? पहिला प्रश्न सगळ्यांना पटतो. दुसरा ऐकून बरेच जण गोंधळतात: गॅसचा श्वासाशी आणि हृदयाशी काय संबंध? त्यांच्यासाठी हे पत्रक.

पोट का फुगतं

गवत पचवण्याचं मुख्य काम गिनीपिगच्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत होतं. तिथले उपयुक्त जंतू गवताचे धागे आंबवतात, त्यामुळे थोडाफार वायू रोजच तयार होतो. गवत सतत पोटात जात राहिलं की आतडं हलतं राहतं आणि वायू पुढे सरकतो. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू अडकतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखीच खात नाही. त्यात गिनीपिगला उलटीही करता येत नाही.

आमच्या पाहण्यात कारणं बहुधा घरचीच असतात. लाडाने दिलेली पोळी, बिस्किटं, कुरमुरे. एकदम भरपूर घातलेला कोबी किंवा फ्लॉवरचा पाला. आणि पावसाळ्यात ओलं गवत. कापून पिशवीत बांधून ठेवलेलं गवत काही तासांत आतून गरम होतं. पिशवीत हात घालून पाहा: ऊब लागली किंवा आंबूस वास आला तर ते टाकून द्या. दाढा वाढून गालाला टोचणं हेही एक कारण आहे, पण ते घरी दिसत नाही. डॉक्टरांनाच तोंड आतून तपासावं लागतं.

एक कारण मात्र औषधाचं आहे. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, क्लिंडामायसिन यांसारखी अँटिबायोटिक्स गिनीपिगच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मारतात, घातक जंतू माजतात आणि जनावर दगावू शकतं. माणसांची किंवा कुत्र्याची उरलेली औषधं कधीही देऊ नका.

हे तातडीचं आहे

एका कोपऱ्यात अंग फुलवून, पाठीला बाक काढून बसणं, दात करकर वाजवणं, कोथिंबिरीकडेही न बघणं, लेंड्या बारीक, कमी किंवा अजिबात नाहीत. अशा वेळी त्याला मांडीवर घेऊन दोन्ही कुशींवर बोटं हलकेच ठेवा. एरवी कूस मऊ लागते. ती ढोलकीसारखी ताणलेली लागली तर रात्र असो वा रविवार, लगेच निघा. जठर फुगून त्याला पीळही पडू शकतो, आणि मग हातात काही तासच असतात.

पोट ताणलेलं असताना सिरिंजने खाऊ भरवू नका, जोरात चोळू नका. ओवा, हिंग, खायचा सोडा, इनो यातलं काहीही नको. लहान मुलांच्या गॅसच्या थेंबांमधलं सिमेथिकोन बरेच डॉक्टर देतात आणि त्याने सहसा अपाय होत नाही. पण थांबलेलं आतडं त्याने हलत नाही, आणि थेंब दिले म्हणून सकाळपर्यंत वाट बघण्यात मौल्यवान वेळ जातो. आमची काळजी तीच आहे.

मग हृदय कुठून आलं?

फुगलेलं जठर छातीच्या पडद्याला वर ढकलतं. फुप्फुसांना जागा उरत नाही, हृदयाकडे परतणारं रक्तही अडतं. म्हणून गॅस झालेला गिनीपिग धापा टाकताना दिसतो.

उलटंही घडतं, आणि ते सहज नजरेतून सुटतं. गिनीपिगलाही हृदयविकार होतो: हृदयाचा स्नायू ढिला पडून हृदय मोठं होतं, फुप्फुसांत किंवा हृदयाभोवती पाणी साठतं. असं जनावर थकतं, कमी खातं, आणि कमी खाल्लं की पोटात गॅस. घरात सगळ्यांना दिसतो तो गॅस. म्हणून वयस्कर गिनीपिगला वरचेवर गॅस होत असेल, वजन उतरत असेल, तर हृदयही तपासून घ्या असं आम्ही आग्रहाने सांगतो.

ठोके मोजायच्या फंदात पडू नका, ते मिनिटाला साधारण 230 ते 380 असतात. श्वास मोजा. तो शांत पडलेला असताना फोनवर 30 सेकंद लावा, कुशीची हालचाल मोजा आणि दुप्पट करा. साधारण 40 ते 100 ठीक मानतात, पण तब्येत चांगली असतानाचा आपल्या गिनीपिगचा आकडा लिहून ठेवलेला सगळ्यांत उपयोगी. मान ताणून, नाकपुड्या फुगवून श्वास घेणं, प्रत्येक श्वासाला पोट जोरात आत जाणं, ओठ निळसर पडणं ही धोक्याची लक्षणं आहेत. श्वासाबरोबर घुं-घुं आवाज येत असेल तर त्याचं कारण नाकातही असू शकतं, तरी व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना

फोनवर आधी विचारा, गिनीपिग बघता का? सगळेच बघत नाहीत. एक्स-रे काढायचा असेल तर पोटाबरोबर छातीही घ्याल का, असं विचारा. एवढ्याशा जिवाची दोन्ही एकाच फिल्मवर मावतात. धाप लागली असेल तर त्याला उताणं धरू नका, आणि आल्या आल्या तसं सांगा, म्हणजे आधी ऑक्सिजन देता येईल. उन्हाळ्यात भर दुपारी स्कूटरवरून नेऊ नका. हा मूळचा अँडीज पर्वतातला थंड हवेचा प्राणी, 30 अंशांच्या वर ऊन त्याला सोसत नाही.

हृदयासाठी फ्युरोसेमाइड किंवा पिमोबेंडन हे औषध सुरू झालं तर वेळ पाळा आणि बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका. फ्युरोसेमाइडने शरीरातलं पाणी कमी होतं, लेंड्या कोरड्या पडू शकतात. त्यामुळे पाण्याच्या बाटलीवर लक्ष ठेवा आणि बदल दिसला की कळवा.

रोजचं

वाळलेलं गवत दिवसरात्र समोर हवं, हाच खरा आहार. लसूणघास मोठ्यांना रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. ढोबळी मिरचीची एक फोड रोज द्या, कारण क जीवनसत्त्व गिनीपिगच्या अंगात तयार होत नाही. नवी भाजी चिमूटभर देऊन सुरुवात करा.

आणि दर आठवड्याला वजन. 900 ग्रॅमच्या गिनीपिगचं आठवड्यात 50-60 ग्रॅम उतरलं तर बाकी काही दिसत नसलं तरी दाखवून आणा. ग्रॅममध्ये दाखवणारा काटा दुकानात आहे. काही घ्यायचं नसलं तरी या, वजन करून घ्या. मागच्या पानावर तक्ता छापला आहे, त्यात वजनाशेजारी श्वासाचा आकडाही लिहा.