'डिफंक्ट': काम संपलेले, म्हणजे नेमके काय?

बंद पडलेली कंपनी, गुंडाळलेले मासिक, बरखास्त झालेला संघ: इंग्रजीत या सगळ्यांना 'डिफंक्ट' म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. 'फुंगी' म्हणजे वाट्याला आलेले काम पार पाडणे (बुरशीच्या 'फंगस'शी याचे नाते नाही). त्याला 'डे' हा उपसर्ग लागला की ते काम पुरते उरकून मोकळे होणे. 'फंक्शन' याच धातूचे, आणि पाट्या टाकून केलेल्या कामाला लावतात तो 'परफंक्टरी'ही. अनेक भाषाशास्त्रज्ञ हा धातू संस्कृत 'भुज्'शी (भोगणे) जोडतात. 'भोग भोगून सुटला' हे आपले बोलणे 'डेफुंक्टुस' (काम उरकून मोकळा झालेला) या लॅटिन विशेषणाच्या जवळ जाते.

लॅटिनमध्ये नुसते 'डेफुंक्टुस' म्हणून बहुधा भागत नसे, काय संपले तेही सांगावे लागे. इ.स.पू. 23 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या, रोमन कवी होरेसच्या एका कवितेत हे विशेषण चक्क वाद्याला लागले आहे. प्रेमाच्या मोहिमांतून निवृत्त झालेला कवी 'युद्ध संपलेले' तंतुवाद्य भिंतीवर टांगतो. वाद्य शाबूत आहे, संपली आहे ती त्याची चाकरी. मेलेल्या माणसाला 'आयुष्य संपलेला' म्हणत. पुढे 'आयुष्य' हा सोबतचा शब्द गळाला आणि एकट्या विशेषणाला 'मृत' हा अर्थ चिकटला. स्पॅनिश 'दिफुन्तो' आणि फ्रेंच 'देफँ' आजही मुख्यतः दिवंगत माणसाला म्हणतात. इंग्रजीने सोळाव्या शतकात शब्द घेतला तोही मेलेल्या माणसांसाठी. वस्तू आणि संस्था मागाहून आल्या. आता माणसाला लावला तर थट्टा वाटते.

घोळ होतो तो 'डॉर्मंट'शी, म्हणजे सुप्तशी. फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी सुमारे 500 वर्षे गप्प होता आणि जून 1991 मध्ये फुटला. नुसत्या शांततेवरून 'संपला' म्हणता येत नाही. दुरुस्तीला गेलेले यंत्र किंवा नाव बदललेली संस्थाही डिफंक्ट नव्हे. विलीन झालेल्या कंपनीबाबत तर कोणत्या साली, कोणात विलीन झाली हे सरळ लिहावे. 'डिफंक्ट' म्हटल्याने ती बुडाली असा समज होतो.

कायद्याने या शब्दाला पायऱ्या घालून दिल्या. ब्रिटनच्या 1880 च्या कंपनी कायद्यात नोंदणी अधिकाऱ्याने आधी पत्राने धंदा चालू आहे का हे विचारायचे, उत्तर नाही आले तर नोंदणीकृत पत्र, मग राजपत्रात नोटीस आणि शेवटी नाव खोडायचे, अशी रीत होती. तरीही न्यायालयाच्या आदेशाने नाव पुन्हा चढवता येई, आणि मग ते कधी खोडलेच नव्हते असे धरले जाई.