बोन्ना बासोमे : युगांडातील शाळेची फी आणि सरकारी अनुदान

पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशाने जानेवारी १९९७ पासून सरकारी प्राथमिक शाळांमधील फी बंद केली आणि तिच्या जागी पटावरच्या मुलांच्या संख्येनुसार शाळेला अनुदान देण्यास सुरुवात केली. या धोरणाचे अधिकृत नाव ‘सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण’ असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र लुगांडा भाषेतले ‘बोन्ना बासोमे’ हे नाव रुळले. त्याचा अर्थ ‘सगळ्यांनी शिकावे’. तिथले प्राथमिक शिक्षण सात इयत्तांचे असते आणि सातवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा होते.

महाराष्ट्रात ‘अनुदानित शाळा’ म्हटले की आधी शिक्षकांचे पगार आठवतात. युगांडातील या अनुदानाचा पगाराशी संबंध नाही. शिक्षकांना सरकार वेगळा पगार देते. हे अनुदान खडू-फळा, पुस्तके, खेळ, किरकोळ दुरुस्ती आणि कारभार यांसाठी, म्हणजे आपल्याकडील वेतनेतर अनुदानाच्या जातीचे आहे.

फी बंद होण्याआधी शाळा नेमके कोण चालवत होते, हे पाहिल्याशिवाय या बदलाचे वजन कळत नाही. इदी अमीनच्या राजवटीत (१९७१–७९) आणि नंतरच्या यादवीत देशाची अर्थव्यवस्था कोलमडली. कागदोपत्री शाळा सरकारी राहिल्या, पण शिक्षकाच्या पगारात घर चालेनासे झाले. ही पोकळी पालक-शिक्षक संघांनी भरली. वर्गणी गोळा करून त्यांनी शिक्षकांना वरकड रक्कम दिली, वर्गखोल्या बांधल्या, बाके आणली. प्राथमिक शिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा पालकांच्याच खिशातून येऊ लागला. त्यामुळे शाळा तगल्या, पण ज्याला वर्गणी परवडत नव्हती त्याचे मूल घरी राहिले. घरात चार मुले आणि पैसे एकाचेच असले, तर बहुधा मुलगी मागे राहायची.

१९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी शिक्षणतज्ज्ञ सेन्टेझा काजुबी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि त्याने प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सर्वांपर्यंत नेण्याची शिफारस केली. टप्प्याटप्प्याची ही भाषा १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीने मोडीत काढली. मुसेवेनींनी प्रत्येक कुटुंबातील चार मुलांना मोफत शिक्षणाचे आश्वासन दिले, ते निवडून आले आणि काही महिन्यांतच शाळांना ते आश्वासन पाळावे लागले. चारांत मुलींना आणि अपंग मुलांना डावलू नये, अशी अट होती. पण आफ्रिकेतल्या विस्तारित कुटुंबात ‘चार कोणाची’ हे ठरवायचे कोणी? एड्सने आईबाप गेलेली भावंडांची मुले घरोघरी सांभाळली जात होती. व्यवहारात ही मर्यादा लवकरच गळून पडली.

१९९६ मध्ये प्राथमिक शाळांत सुमारे ३१ लाख मुले होती. १९९७ मध्ये ती सुमारे ५३ लाख झाली. एका वर्षात वीस लाखांहून अधिक मुले वाढली, शिक्षक आणि खोल्या मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. पहिलीच्या एकेका वर्गात शंभराहून अधिक मुले बसली, आंब्याच्या झाडाखाली वर्ग भरले, सहा वर्षांच्या पोराशेजारी बारा-तेरा वर्षांचा मुलगा पाटी घेऊन बसला. या गर्दीत सर्वांत मोठी भर गरीब घरांतल्या मुलांची आणि मुलींची होती. फी हाच अडसर होता, याचा इतका रोखठोक पुरावा दुसरा मिळणे कठीण.

अनुदानाचा दर पहिली ते तिसरीसाठी वर्षाला मुलामागे ५,००० शिलिंग आणि चौथी ते सातवीसाठी ८,१०० शिलिंग असा ठरला. त्यातला मोठा हिस्सा शैक्षणिक साहित्यावर खर्च करायचा आणि बाकीचा खेळ व सहशालेय उपक्रम, व्यवस्थापन आणि कारभार यांत वाटायचा, असे सूत्र घालून दिले होते. शहरी शाळांना वीज-पाण्यासाठी पालकांकडून थोडी रक्कम घेण्याची मुभा राहिली. १९९८ मध्ये जागतिक कर्जमाफी योजनेचा लाभ मिळवणारा युगांडा हा पहिला देश ठरला आणि वाचलेल्या पैशातून प्राथमिक शिक्षणाला मोठा आधार मिळाला. वर्गखोल्यांसाठी वेगळे बांधकाम अनुदानही सुरू झाले.

मराठीत ‘गळती’ हा एकच शब्द पैशालाही लागतो आणि शाळा सोडणाऱ्या मुलांनाही. युगांडाची कहाणी या दोन्ही गळत्यांची आहे.

पहिली गळती पैशाची, आणि ती फी बंद होण्याच्या आधीपासूनची. विद्यार्थिसंख्येनुसार थोडे अनुदान १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाही मंजूर होत असे. अर्थसंकल्पात पैसा दिसे, शाळेत मात्र दिसत नसे. अर्थतज्ज्ञ रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन यांनी २५० शाळांच्या वह्या तपासून १९९१–९५ या काळाचा हिशेब लावला. राजधानीतून सुटलेल्या शंभर शिलिंगांपैकी सरासरी तेराच शाळेपर्यंत पोहोचत होते आणि बहुसंख्य शाळांना तर काहीच मिळत नव्हते. झारीतले शुक्राचार्य बसले होते जिल्हा पातळीवर. ही रक्कम तिथे इतर कामांकडे, राजकारणाकडे आणि खिशांकडे वळत असे. जी थोडी रक्कम सुटे तीही बहुधा सुस्थितीतल्या वस्त्यांतील शाळांना मिळे, कारण तिथले मुख्याध्यापक आणि पालक जिल्हा कचेरीत जाऊन भांडू शकत. ज्यांना हक्काचे अनुदान किती हेच ठाऊक नव्हते, ते भांडणार कशासाठी?

सरकारने यावर काढलेला उपाय अगदी साधा होता. कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली, याचे आकडे वर्तमानपत्रांत, स्थानिक भाषांतील आवृत्त्यांतही, छापायला सुरुवात झाली. आलेली रक्कम शाळेच्या आणि जिल्हा कचेरीच्या फलकावर लावणे सक्तीचे केले. २००१ च्या पाहणीत शाळांपर्यंत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेलेला दिसला. वर्तमानपत्र विक्रीचे ठिकाण जवळ असलेल्या शाळांची स्थिती अधिक सुधारली होती.

हे उदाहरण पुढे विकास-अर्थशास्त्रात इतके गाजले की ‘आकडे छापा, चोरी थांबेल’ असा मंत्रच होऊन बसला. त्याला आक्षेपही घेतले गेले आणि ते रास्त आहेत. त्याच काळात निधी वाटपाचे नियम कडक झाले होते, अनुदानाची एकूण रक्कम वाढली होती, देणगीदार देशांची नजर होती आणि ‘बोन्ना बासोमे’ हे खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिष्ठेचे काम झाले होते. वर्तमानपत्राने दिवा लावला हे खरे, पण घरात आणखीही माणसे जागी होती. पुढे हे अनुदान थेट शाळेच्या बँक खात्यात जमा होऊ लागले.

दुसरी गळती मुलांची. १९९७ मध्ये पहिलीत सुमारे साडेएकवीस लाख मुले दाखल झाली. २००३ मध्ये त्यांतली सुमारे पाच लाख सातवीत होती, म्हणजे जेमतेम पाचातले एक. बरीच मुले मागच्या इयत्तांत अडकली होती, बरीच शाळेतून गेली होती. फी नव्हती, पण गणवेश, वह्या आणि शेतावरच्या हातांची गरज होती.

आणि दुपारचे जेवण होते. या धोरणात जेवणाची जबाबदारी पहिल्यापासून पालकांवर होती आणि २००८ च्या शिक्षण कायद्याने अन्न, कपडे, औषधपाणी आणि ये-जा यांचा भार पालकांवरच असल्याचे स्पष्ट लिहिले. त्याच कायद्याने फी आकारण्यास मनाई केली आणि ऐच्छिक वर्गणी न दिल्याबद्दल मुलाला शाळेबाहेर काढता येणार नाही असे बजावले. प्रत्यक्षात जेवणासाठी, सराव परीक्षेसाठी, शाळेच्या कुंपणासाठी अशा निरनिराळ्या नावांनी पैसे मागितले जातातच. ‘मोफत’ शब्द ऐकून पूर्वी वर्गणी देणारे पालकही हात आखडते घेऊ लागले आणि शिलिंगाची किंमत घसरत असताना अनुदानाचा दर वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहिला, त्यामुळे मुख्याध्यापकांची दोन्हीकडून कोंडी झाली. ज्यांना परवडले त्यांनी मुले खाजगी शाळांत हलवली.

मुले शाळेत काय शिकतात हे तपासण्यासाठी पूर्व आफ्रिकेत ‘उवेझो’ (स्वाहिलीत ‘क्षमता’) हा उपक्रम सुरू झाला. घरोघरी जाऊन मुलांना सोपा उतारा वाचायला आणि साधे गणित करायला द्यायचे, ही त्याची पद्धत मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीवरून घेतलेली आहे. युगांडातील निकाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट दाखवत आले : तिसरीतल्या बहुसंख्य मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. माध्यमिक शाळांसाठी अनुदानाची अशीच योजना २००७ मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रवेशासाठी सातवीच्या परीक्षेत किमान गुणांची अट ठेवली गेली.