‘झालं ते विसर’ म्हटल्यानं भीती का जात नाही?

भूकंपातून, पुरातून, अपघातातून वाचलेल्या माणसाला आपण हमखास सांगतो, ‘झालं गेलं विसरून जा.’ सांगणाऱ्याला कळकळ असते, पण मेंदू असा सल्ला ऐकत नाही.

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं कोसळून हजारो माणसं गेली. वाचलेल्यांना पुढे दगडी घरात, छताखाली झोपायची धास्ती वाटायची. जवळून ट्रक गेला, मांडणीवरची भांडी किणकिणली, की छातीत धडधड सुरू. धोका टळलाय हे डोक्याला पटतं, शरीराला पटत नाही.

याचं मूळ अमिग्डाला या मेंदूतल्या बदामाएवढ्या भागात आहे. आवाज, वास, अंधार यांची धोक्याशी गाठ इथे पडते. उंदराला एक सूर ऐकवून लगेच विजेचा सौम्य झटका दिला, की थोड्याच वेळात नुसत्या सुरानंही तो जागीच थिजतो. मग झटका न देता तोच सूर पुन्हा पुन्हा ऐकवला, तर थिजणं थांबतं. भीती पुसली गेली असं वाटतं, पण तसं नसतं. काही दिवसांनी सूर ऐकवा किंवा पिंजरा बदला, भीती परत येते! म्हणजे जुनी आठवण शाबूत असते आणि ‘आता धोका नाही’ ही दुसरी आठवण तिच्या शेजारी तयार झालेली असते. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून अमिग्डालातल्या काही पेशींकडे संदेश जातात आणि त्या पेशी भीतीचं बाहेर पडणारं फर्मान अडवतात. ही नवी आठवण जिथे शिकली त्या जागेशी फार बांधलेली असते. जुनी मात्र कुठेही उठते.

म्हणूनच टाळाटाळ घातक. रस्ता टाळला, विषय टाळला, तर नवी आठवण तयार व्हायला संधीच मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या उपचारात माणूस सुरक्षित खोलीत, प्रशिक्षित तज्ज्ञासमोर घडलेलं पुन्हा पुन्हा सांगतो, आणि टाळलेल्या जागी हळूहळू, पायरीपायरीनं जातो. वेगवेगळ्या जागी जावं लागतं, ते का हे पिंजऱ्याच्या प्रयोगावरून कळतं.

दचकून उठणाऱ्या, बोलणं बंद केलेल्या माणसाला ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून उतारे करणं, मांत्रिकाकडे नेणं ही क्रूरता आहे. ‘एका सत्रात आठवण कायमची पुसतो’ अशा जाहिरातीही तितक्याच खोट्या. आपत्तीनंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धतही चाचण्यांत टिकली नाही. जागतिक आरोग्य संघटना ती करू नका असंच सांगते. त्या दिवसांत पाणी, निवारा, हरवलेल्या नातलगांचा ठावठिकाणा आणि न बोलण्याची मुभा हवी असते. बहुतेक माणसं एवढ्या आधारावर सावरतात. महिना उलटूनही दुःस्वप्नं, दचकणं आणि टाळाटाळ कमी होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.