बॅलन डी'ओर आणि दक्षिण अमेरिकेचे खेळाडू : खुलासा

एक फॉरवर्ड मेसेज बरीच वर्षं फिरतोय की १९९५ च्या आधी ब्राझील-अर्जेंटिनाच्या एकाही प्लेयरला बॅलन डी'ओर (फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा अवॉर्ड) मिळाला नाही, म्हणजे त्या काळात युरोपवालेच भारी होते.

यातलं पहिलं वाक्य जवळपास खरंय म्हणून पुढचंही पटतं, पण खरं कारण नियमात आहे. हा अवॉर्ड एका फ्रेंच मासिकाने १९५६ मध्ये सुरू केला तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू निवडायला, आणि १९९४ पर्यंत फक्त युरोपियन देशांचं नागरिकत्व असलेल्यांचाच विचार व्हायचा, बाकीचे यादीतच नसायचे, मग हरले कसे म्हणायचं?

चेक करायला सोपंय. वर्ल्ड कप आणि विजेत्यांची यादी शेजारी ठेवा. १९६२ ला कप ब्राझीलने नेला, बॅलन डी'ओर मात्र फायनल हरलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या खेळाडूला. १९८६ ला अर्जेंटिना चॅम्पियन आणि अवॉर्ड सोव्हिएत युनियनकडे!

आता १९५७ आणि १९५९ चा विजेता बघा, जन्म अर्जेंटिनाचा पण नागरिकत्व स्पेनचं, म्हणून तो चालला. मला तर हाच सगळ्यात पक्का पुरावा वाटतो.

१९९५ पासून युरोपियन क्लबकडून खेळणारा कुठल्याही देशाचा खेळाडू पात्र झाला आणि त्याच वर्षी लायबेरियाचा स्ट्रायकर जिंकला. क्लब युरोपातलाच हवा ही अट २००७ ला गेली.