मेटासरफेस

मेटासरफेस : तरंगलांबीपेक्षा लहान घटक एखाद्या पातळ पृष्ठावर आखून-मोजून बसवले, की पडलेल्या प्रकाशाची वाट त्या घटकांच्या आकारावरून आणि तिरकेपणावरून ठरते. अशा पृष्ठाला मेटासरफेस म्हणतात. ‘अधिपृष्ठ’ असा प्रतिशब्द करता येईल, पण तो रुळलेला नाही.

तरंगलांबीपेक्षा लहान म्हणजे काय, हे पुणे जिल्ह्यातच पाहायला मिळते. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांच्या तारेच्या जाळीतून आभाळ आरपार दिसते. भोके जेमतेम 1 ते 2 सेंटिमीटरची. 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ तरंगाला ती जाणवतच नाहीत, त्याच्या लेखी तो सलग पत्रा. ही जाळी मेटासरफेस नव्हे. ती नुसतीच परावर्तन करते. मेटासरफेसचा घटक सहसा शेजाऱ्यापेक्षा थोडा वेगळा असतो.

खरी गंमत त्या वेगळेपणात आहे. साध्या भिंगात काम जाडी करते. मोठ्या मायनस नंबरचा चष्मा मध्ये पातळ आणि कडेला सोडावॉटरच्या बाटलीसारखा जाड असतो; जाड काचेत प्रकाश रेंगाळतो, त्याची कला (तरंगाची अवस्था) मागे पडते आणि किरण वळतो. मेटासरफेस हाच फरक जाडीवाचून घडवतो. 2011 मध्ये हार्वर्डच्या फेडेरिको कापासो यांच्या गटाने सिलिकॉनवर सोन्याचे व्ही-आकाराचे सूक्ष्म अँटेना बसवून अवरक्त प्रकाश हवा तसा वळवला. शाळेत घोकलेला ‘आपतन कोन बरोबर परावर्तन कोन’ हा नियम तिथे अपुरा पडतो. कलेच्या उताराचे (पृष्ठावर कला किती झपाट्याने बदलते त्याचे) एक पद त्यात मिळवावे लागते. 2016 मध्ये याच गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या 600 नॅनोमीटर उंच पात्यांचे, दृश्य प्रकाशाचे सपाट भिंग केले. पाते जेवढ्या कोनातून फिरवावे, त्याच्या दुप्पट कला वर्तुळ-ध्रुवित प्रकाशात (ज्याच्या कंपनाची दिशा गोल फिरत जाते) बदलते. नुसत्या फिरवण्यातून मिळणाऱ्या या ‘भूमितीय कले’चे मूळ शिवरामकृष्णन पंचरत्नम यांच्या 1956 च्या निबंधात आहे. बंगळूरला स्फटिक तपासता तपासता सापडलेली ही गोष्ट आज भिंगे घडवते.

कलेचा उतार फार तीव्र केला, तर प्रकाशाला बाहेर पडायला कोनच उरत नाही. तो पृष्ठाला चिकटून धावू लागतो. सोन्या-चांदीवरच्या अशा तरंगांना पृष्ठ-प्लाझ्मॉन म्हणतात. पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत चांदीच्या नॅनोतारांवरून धावणाऱ्या प्लाझ्मॉनांवर संशोधन झाले आहे. दृश्य प्रकाशात त्यांची धाव काही मायक्रोमीटरांची. पुढे धातूच त्यांची ऊर्जा उष्णतेत जिरवतो.