लिफ्टची सरकारी तपासणी: सोसायटीने काय तयार ठेवायचं

लिफ्टवाल्यांचा मेकॅनिक दर महिन्याला तेल-ग्रीस करून सही घेऊन जातो, ती देखभाल. सरकारी तपासणी वेगळी. महाराष्ट्रात ती लिफ्ट, सरकते जिने आणि सरकत्या मार्गांसाठीच्या 2017 च्या कायद्याखाली होते आणि काम विद्युत निरीक्षकांकडे असतं. कारखान्यातल्या लिफ्टला मात्र नोव्हेंबर 2025 पर्यंत कारखाने अधिनियम 1948 चं कलम 28 पाहावं लागायचं. त्यात सक्षम व्यक्तीकडून, म्हणजे सरकारमान्य तज्ज्ञाकडून, दर 6 महिन्यांनी तपासणी होती. आता त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे.

तपासणीचा अर्ज लिफ्टच्या परवानाधारकाच्या नावाने जातो, आणि गाडं अडतं ते इथेच. इमारत ताब्यात येऊन वर्षं लोटली तरी परवाना बिल्डरच्याच नावावर असतो. तेव्हा आधी सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि कमिटीचा ठराव देऊन नाव बदलून घ्या. मग परवान्याची प्रत, मागच्या तपासणीचा अहवाल, नोंदणीकृत लिफ्ट कंत्राटदाराबरोबरचा चालू देखभाल करार, विम्याची पॉलिसी आणि शुल्क भरल्याची पावती एकत्र लावा. विमा त्रयस्थ व्यक्तीच्या इजेचा हवा. इमारतीच्या आगीच्या पॉलिसीवर भागत नाही.

तपासणीच्या दिवशी मेकॅनिक हजर हवाच. मशीन रूमची किल्ली वॉचमनकडे नसली की फेरी फुकट जाते. सगळ्यात कसून पाहायची गोष्ट म्हणजे दरवाज्याचं लॉक. केबिन वेगळ्या मजल्यावर असताना आपल्या मजल्यावरचा दरवाजा हाताने उघडता कामा नये, आणि दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलता कामा नये. बिघाड शोधताना मेकॅनिक लॉकच्या संपर्कावर वायरचा जंपर, म्हणजे लॉकला वगळून जाणारा तात्पुरता जोड, टाकतात आणि तो काढायचा राहून जातो. लिफ्ट छान चालते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

खालच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं की बफर (केबिन खाली आदळल्यास धक्का झेलणारे) गंजतात, तिथल्या स्विचमध्ये ओल शिरते. आधीच उपसून घ्या आणि गळती कुठून आहे ते बुजवा. दोराच्या तुटलेल्या तारा, गव्हर्नर (वेग जास्त झाला की ओळखणारा) आणि सेफ्टी गिअर (मग केबिन जागेवर पकडणारा), दोन स्वतंत्र अर्थिंग, वीज गेल्यावर लागणारा दिवा आणि अलार्म हेही मेकॅनिककडून आदल्या आठवड्यात चालवून बघा. केबिनमधली क्षमतेची पाटी परवान्याशी जुळली पाहिजे: माणशी 68 किलो, म्हणजे 6 माणसांना 408. आत नंतर ग्रॅनाइट बसवला असेल तर केबिन जड होते आणि काउंटरवेटशी, म्हणजे केबिनच्या उलट बाजूच्या वजनाशी, तोल बिघडतो. असा बदल आधी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायला हवा होता, असं तिथे ऐकून घ्यावं लागतं.

दोष निघाले तर दुरुस्ती करून कंत्राटदाराचं लेखी पूर्तता पत्र द्या, आणि पोचेचा शिक्का मारलेली प्रत फाइलला लावा.