बोनस

ठरलेल्या पगाराखेरीज कामगार-कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, बहुधा सणाच्या तोंडावर, मिळणारी रक्कम. शेअर बाजार, विमा, धानखरेदी आणि कबड्डीचे मैदान इथेही हा शब्द चालतो, पण महाराष्ट्रात कोणी नुसते ‘बोनस झाला का?’ असे विचारले की ते दिवाळीच्या बोनसबद्दलच असते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘चांगला’. पैशाच्या अर्थाने तो अठराव्या शतकात लंडनच्या शेअर दलालांच्या बोलीतून इंग्रजीत रुळला, असे मानतात. सरकारी परिभाषेत ‘अधिलाभांश’ असा प्रतिशब्द आहे; तो कागदावरून खाली उतरला नाही.

इंग्रजीत बोनस म्हणजे देणाऱ्याने खुशीने दिलेले वरकड. दिवाळीला गडीमाणसांना पोस्त द्यायची आपली जुनी चालही याच जातीची. द्यायची की नाही आणि किती, हे धन्याच्या मर्जीवर. कारखान्यातला बोनस मात्र मर्जीतून सुटून हक्कात आला. हे घडले मुख्यतः मुंबईच्या कापड गिरण्यांत, आणि त्याला जवळजवळ अर्धे शतक लागले.

पहिल्या महायुद्धात कापडाचे भाव चढले, गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला आणि गिरणगावात धान्य महागले. १९१७ मध्ये मालकांनी पगारावर १० टक्के ‘युद्ध बोनस’ सुरू केला आणि पुढे तो वाढवला. ही खरे तर महागाईची भरपाई होती. युद्धानंतर मात्र नफ्यातून वर्षाला एका पगाराइतका वेगळा बोनस काही वर्षे लागोपाठ मिळाला आणि कामगारांनी तो गृहीत धरला. १९२३ सालचा बोनस मालकांनी नाकारला, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने, कोणताच हक्क पोहोचत नाही, असा निर्वाळा समितीने दिला. मार्चमध्ये संप फसला.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न लवादापुढे वेगळ्या रूपात आला. १९५० मध्ये गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाच्या पूर्ण पीठाने हिशेबाची रीत घालून दिली. ढोबळ नफ्यातून घसारा, यंत्रसामग्रीच्या पुनर्स्थापनेची तरतूद, प्राप्तिकर आणि भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा वजा करायचा. उरेल त्या शिलकीत कामगारांचा वाटा. हे ‘फुल बेंच सूत्र’ पंधरा वर्षे देशभर चालले. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कानपूरच्या म्यूर मिल्सच्या खटल्यात सांगितले की, बोनस हे दानही नव्हे आणि राखून ठेवलेला पगारही नव्हे. कामगाराचा पगार जगण्यायोग्य वेतनापेक्षा कमी असेल आणि त्याच्या कष्टांनी नफा झाला असेल, तरच तो मागता येईल. कामगार संघटनांना हे कधी पटले नाही. ‘बोनस म्हणजे मागे राहिलेला पगार’ हीच त्यांची भूमिका राहिली, आणि पुढचा कायदा पाहता त्यांचेच म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरले.

१९६१ च्या डिसेंबरात नेमलेल्या बोनस आयोगाचे अध्यक्ष एम. आर. मेहेर होते. आयोगाच्या शिफारशींवरून १९६५ मध्ये बोनस प्रदान कायदा आला. त्याने नफा असो वा तोटा, किमान ४ टक्के बोनस बंधनकारक केला आणि नफ्याशी असलेले नाते तिथेच सैल झाले. १९७२ मध्ये किमान दर ८.३३ टक्के झाला. आणीबाणीत, १९७५ मध्ये, वटहुकमाने तो पुन्हा ४ वर आणला आणि तोट्यातील कारखान्यांना सूट दिली. १९७७ मध्ये जनता सरकारने ८.३३ परत आणला.

या ८.३३ विषयी दर दिवाळीला व्हॉट्सॲपवर एक कथा फिरते: पूर्वी पगार आठवड्याला मिळे, इंग्रजांनी तो महिन्यावर नेला, त्यात वर्षाचे चार आठवडे बुडाले, म्हणून आंदोलन होऊन तेरावा पगार बोनसच्या रूपाने मिळू लागला. गणित सुटसुटीत आहे, इतिहास नाही. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचाच असे आणि तोही उशिरा हातात पडे. तक्रार त्या उशिराबद्दल होती. बोनसची सुरुवात युद्धकाळातल्या नफ्यातून झाली. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग हे बरोबर, पण तो आकडा कायद्यात आला १९७२ मध्ये.

कमाल मर्यादा २० टक्के. या दोहोंमधला आकडा वाटपयोग्य शिलकीवरून ठरतो. बहुतेक कंपन्यांत ती उपलब्ध शिलकीच्या, म्हणजे ढोबळ नफ्यातून घसारा, कर वगैरे वजा जाता उरलेल्या रकमेच्या, ६० टक्के धरतात. एखाद्या वर्षी शिल्लक जास्त उरली किंवा कमी पडली, तर फरक पुढच्या चार वर्षांच्या हिशेबात ओढता येतो. वर्षात किमान ३० दिवस काम केलेला कामगार पात्र ठरतो. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत पैसे द्यावे लागतात. मार्चअखेरीचे वर्ष असेल तर मुदत नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत जाते, पण धनत्रयोदशी उलटू देणारा व्यवस्थापक विरळा. २०१५ च्या दुरुस्तीने पात्रतेची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आणि हिशेबापुरता पगार ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांपैकी जास्त असेल तो, अशी केली. गोम इथे आहे. हिशेब ७,००० वर झाला, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० घेणाऱ्यालाही ८.३३ टक्के दराने वर्षाला ६,९९७ रुपयेच पडतात. पूर्ण २० टक्के दिले तरी १६,८००. म्हणून पिंपरी-चिंचवड, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांत संघटना टक्क्यांऐवजी ठोक रकमेवर घासाघीस करतात. मर्यादेवरची रक्कम मग कंपनी ‘सानुग्रह’ नावाने देते. चोरी, अफरातफर किंवा कारखान्यात मारामारी केल्याबद्दल बडतर्फ झालेल्याचा बोनस जातो. या तरतुदी आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. तिने अपात्रतेच्या यादीत लैंगिक छळाबद्दलची शिक्षाही घातली.

मुंबईच्या गिरण्यांचा शेवटचा मोठा संपही बोनसच्या वादातून पेटला. १९८१ च्या दिवाळीत काही गिरण्यांतील कामगार बोनसवरून संपावर गेले. मान्यताप्राप्त संघटनेवर रागावलेले कामगार कामगार-नेते दत्ता सामंतांकडे वळले आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तोवर मागण्यांत पगारवाढ आणि बदली कामगारांचे (कायम कामगाराच्या गैरहजेरीत काम मिळणाऱ्यांचे) प्रश्न पुढे आले होते. हा संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही.

कायद्याबाहेरच्यांचा बोनस निरनिराळ्या नावांनी चालतो. रेल्वेत १९७९-८० पासून उत्पादकतेशी जोडलेला बोनस आहे. अलीकडे तो ७८ दिवसांचा, म्हणजे जास्तीत जास्त १७,९५१ रुपये असतो. महापालिकांत त्याचे कागदावरचे नाव सानुग्रह अनुदान. आयुक्त, महापौर, संघटना सगळे बोलताना बोनसच म्हणतात. अंगणवाडी सेविकांना मिळते ती ‘भाऊबीज भेट’. अंगणवाडीचे काम सरकारी लेखी मानधनाचे, त्यामुळे तिथे हक्काच्या शब्दाऐवजी ओवाळणीचा शब्द आला, आणि हा योगायोग वाटत नाही. घरकाम करणाऱ्या बायकांना एक महिन्याचा पगार द्यायचा, हा मुंबई-पुण्यातला अलिखित दर.

सहकारात शब्दांची वाटणी पक्की आहे. साखर कारखान्याच्या कामगाराला मिळतो तो बोनस; दूध संघ दिवाळीला उत्पादकाला देतो तो ‘फरक’ किंवा ‘रिबेट’, कारण तो दुधाच्या दराचाच राहिलेला भाग असतो. पूर्व विदर्भात मात्र शेतकऱ्यालाही बोनस मिळतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हमीभावावर राज्य सरकार धानाला आधी क्विंटलमागे बोनस देई. व्यापाऱ्यांचा धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर खपवला जातो, अशा तक्रारी झाल्या. मग २०२२-२३ च्या हंगामासाठी दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी १५,००० रुपये जाहीर झाले आणि पुढच्या हंगामासाठी २०,०००.

बोनस शेअर, म्हणजे वर्तमानपत्रांच्या अर्थपानावरचे ‘बक्षीस समभाग’, हा नावापुरताच बोनस. कंपनी आपली गंगाजळी भांडवलात वळवते आणि भागधारकांना फुकट शेअर देते. एकास एक दिला, तर २,००० रुपयांचे १०० शेअर साधारण १,००० रुपयांचे २०० होतात. धारकाची मालमत्ता तेवढीच राहते. रिलायन्सने २०१७ आणि २०२४ मध्ये असा एकास एक बोनस दिला. लाभांशाऐवजी बोनस शेअर देण्यास कंपनी कायद्याची मनाई आहे.

आयुर्विम्यात नफ्यात सहभागी असलेल्या पॉलिसीला दर हजारी विमा रकमेमागे बोनस जाहीर होतो. हजारी ४५ रुपये म्हणजे दहा लाखांवर वर्षाला ४५,०००. ते खात्यात जमा दिसतात, पण हातात येतात मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतर, आणि त्यांवर व्याज चढत नाही. एजंट ही बाब सहसा शेवटी सांगतात. वाहन विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ ही हप्त्यातली सूट असते: पहिल्या निर्धोक वर्षाला २० टक्के, पाचव्याला ५०. ती गाडीला नव्हे, मालकाला मिळते, म्हणून जुनी गाडी विकून नवी घेताना ती सोबत नेता येते.

बोलण्यात, अनपेक्षितपणे पदरात पडलेले ते बोनस. मोठ्या आजारातून उठलेला माणूस ‘आता जगतोय ते बोनस’ म्हणतो. कबड्डीत चढाईपटूने निदान रेषेपलीकडची बोनस रेषा एका पायाने ओलांडली आणि त्या वेळी मागचा पाय हवेत असला, तर एक गुण मिळतो. समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात. पाचच उरले, तर रेषा ओलांडूनही गुण नाही.